धुक्यात क्रॉस फेलचा माथा ओलांडताना
इंग्लंडच्या पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर दक्षिणेकडून क्रॉस फेल हा डोंगर (८९३ मीटर) चढताना फारसं चुकत नाही. चुकतं ते पलीकडे उतरताना. माथा सपाट, पायवाट पुसट, आणि फुलीच्या आकाराच्या दगडी आडोशात बसून उठलं की दिशेचा अंदाज हमखास फिरतो. म्हणून टेकण्याआधीच, उत्तरेकडची जुनी रुंद वाट गाठायचा कोन नकाशावरून होकायंत्रावर लावून ठेवा. मोबाइल होकायंत्रापासून हातभर लांब, नाहीतर सुई ढळते. त्या वाटेपर्यंतचं अंतर नकाशावर बघा आणि पावलांनी मोजा: १०० मीटरला साधारण ६५ दुहेरी पावलं (एकच पाय टेकला की एक), खडकाळ उतारावर जास्त. आकडा संपला तरी वाट दिसली नाही, तर कोन न बदलता थोडं पुढे जा. ती आडवी जाते. तिथून उजवीकडे ग्रेग्ज हटचा निवारा.