रानातून धरलेला हॉगनोज नागपुरात: रंगाची गोष्ट नंतर, आधी जीव

हॉगनोज हा वर वळलेल्या थुथनाचा साप पाळण्याबद्दलची बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली आहे. पेटी ऊबदार कशी ठेवायची, यातच ती संपते. नागपुरात मार्च उलटला की हीट मॅटचा प्लग काढून ठेवावा लागतो आणि खोली २८ अंशांच्या आत कशी राहील याचा घोर सुरू होतो. त्यात साप रानातून धरलेला असेल तर पोटात जंत असतात, खवल्यांत माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) असतात, आणि उंदीर हे खाणं आहे हेच त्याला ठाऊक नसतं. वेगळ्या रंगासाठी मोजलेले पैसे यातल्या कुठल्याही एका कारणानं चार महिन्यांत बुडतात.

आधी कागद. नाग, धामण, घोणस असे आपले साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. काटोल रोडच्या शेतात पांढरा नाग निघाला तरी रंगामुळे सूट मिळत नाही. १९२६ या वन विभागाच्या नंबरवर फोन करायचा, किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवायचं. हॉगनोज उत्तर अमेरिकेतला. जिवंत साप बाहेरून आणायला डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयात परवाना आणि प्राणी क्वारंटाइनची मंजुरी लागते. तिकडच्याही काही राज्यांत रानातला हॉगनोज धरायला बंदी आहे. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याचा ‘नंतर’ कधी उगवत नाही. आणि खरं सांगायचं तर अल्बिनो, अ‍ॅक्सँथिक, अ‍ॅनाकोंडा (तो मोठा साप नव्हे, हॉगनोजचाच कमी नक्षीचा प्रकार) हे सगळे रंग-नक्षी पिंजऱ्यात जन्मलेल्या वेस्टर्न हॉगनोजमध्ये मिळतात. पर्याय असेल तर तोच घ्या. पुढचं सगळं, रानातला साप कायदेशीर मार्गानं हातात आलाच असेल, तर त्यासाठी.

रंग खरा की विक्रीचा?

नावात हॉगनोज असलं तरी जात पाहा. वेस्टर्न लहान असतो, नर साधारण ३५ ते ५० सेंटिमीटर, मादी त्याहून बरीच मोठी आणि जाड. थुथनाचं टोक खोऱ्यासारखं वर वळलेलं. ईस्टर्नचं टोक तितकं वळत नाही आणि त्याच्यात पिवळा, नारिंगी, राखाडी, अगदी काळाकुट्ट असे रंग रानातच सर्रास सापडतात. म्हणजे ईस्टर्नवर ‘दुर्मीळ मेलानिस्टिक’ (म्हणजे काळा) अशी चिठ्ठी लावून चढा भाव मागणं हा शुद्ध धंदा आहे. अल्बिनोचे डोळे लालसर दिसतात, अ‍ॅक्सँथिकमध्ये पिवळा आणि लाल अंश नसतो. कात टाकायला आलेला कुठलाही साप मळकट, निळसर दिसतो, त्यामुळे कात पडल्यावर दुसऱ्या दिवशी, खिडकीच्या सावलीतल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर फोटो काढा. दर कातीला तसाच. तीन काती होईपर्यंत रंगाबद्दल मत बनवू नका.

पहिले ९० दिवस

दुसरे साप असतील तर हा वेगळ्या खोलीत. त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं, चिमटा आणि वाटी वेगळी. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, तळाला कोरा पांढरा कागद, दोन लपायच्या जागा (एक गरम टोकाला, एक थंड), पाण्याची जड वाटी. बस. भुसा नको, शोभेची झाडं नकोत. माइट आणि विष्ठा पांढऱ्यावरच दिसते.

आल्या दिवशी वजन करा, ग्रॅममध्ये, आणि दर आठवड्याला लिहून ठेवा. प्रवासानं साप सुकलेला असतो. कातडीला सुरकुत्या दिसत असतील तर २७-२८ अंशांच्या, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पाण्यात १५ मिनिटं ठेवा, नजर न हलवता. मग सात दिवस हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही.

पहिली ताजी विष्ठा डबीत भरून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे तपासायला द्या. सरीसृपांची सवय असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशीपासून सुरुवात करता येते. जंताचं औषध वजनावर ठरतं. अंदाजानं दिलेलं औषध खंगलेल्या सापाला जंतापेक्षा लवकर मारतं. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत क्वारंटाइन संपवू नका.

माइट्स डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या घडीत बसतात, खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके. पाण्याच्या वाटीत बुडालेले दिसले तर समजायचं. साप वाटीतच तासन् तास पडून राहतो, हीही खूण. कागद रोज जाळा किंवा पिशवीत बांधून फेका, डबा उकळत्या पाण्यानं धुवा, आणि अंगावरच्या औषधाचं डॉक्टरांना विचारा. कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे सापावर मारू नका. नागपूरच्या उष्णतेत माइट्सची पुढची पिढी दोन-अडीच आठवड्यांत तयार होते, म्हणून एकदा साफ करून थांबलं की महिन्यानं पुन्हा तेच.

उंदीर खातच नाही

वेस्टर्न रानात भेक (खरखरीत कातडीचे बेडूक), सरडे, अंडी, उंदीर असं मिसळून खातो, म्हणून तो वळतो. ईस्टर्न जवळपास भेकांवरच जगतो. रानातला मोठा ईस्टर्न नवख्यानं घेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत.

उंदराचं फ्रोझन पिल्लू रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून सापाच्या नाकाला ऊब लागेल इतकं गरम करा. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतं आणि पोटात फुटतं. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका किंवा किंचित कमी, पहिल्या वेळी त्याच्या निम्माच. सकाळी द्या, कारण हॉगनोज दिवसा फिरणारा आहे. साधं नको झालं तर पिल्लू धुऊन, पुसून, ट्यूनाच्या डब्यातल्या पाण्यात (तेलातला ट्यूना नको) बुडवून द्या. तेही नको तर अंड्याचा बलक. दर दोन-तीन वेळांनी वास पातळ करत न्यायचा. पावसाळ्यात अंगणात आलेला भेक उचलून घालायचा मोह होईल, घालू नका. नुकतेच काढलेले जंत परत येतील.

नकार दिला की पाच-सहा दिवस थांबा. रोज समोर धरलं तर साप फणा पसरतो, फुत्कारतो, पालथा होऊन जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग घेतो. सोंग घेताना सरळ केलं तर पुन्हा उलटा होतो, बघायला मजा येते, पण तो घाबरलेला आहे हे विसरू नका. वजन १० टक्के घटलं की सावध, १५ टक्क्यांना डॉक्टर. उलटी झाली तर १४ दिवस काही नाही, मग नेहमीच्या निम्मं.

एप्रिल ते ऑक्टोबर

क्वारंटाइननंतर प्रौढ मादीला साधारण ९० बाय ४५ सेंटिमीटरची पेटी, तळाला ७ ते १० सेंटिमीटर अस्पेन या झाडाचा भुसा, कारण हा थुथनानं उकरून आत शिरणारा साप आहे. आरागिरणीतला फुकटचा भुसा नको. त्यात देवदार-चीड असू शकतं, त्याचं तेल फुप्फुसाला घातक. गरम टोक ३१-३२, थंड टोक २४ ते २७ अंश, आर्द्रता ३० ते ५० टक्के. दोन्ही टोकांना तापमान मोजणारे वेगळे प्रोब लावा. काचेवर चिकटवायचा गोल काटा भिंतीची हवा मोजतो, सापाची नाही.

स्लॅबखालच्या वरच्या मजल्याच्या खोलीत नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पेटी ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. तळमजल्याची आतली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली घ्या. थर्मोस्टॅट फक्त हीटर बंद करतो, थंड काही करत नाही. कूलर चालतो, पण खिडकी उघडी ठेवून आणि झोत पेटीवर न सोडता. बंद खोलीत कूलर लावला की आर्द्रता ७०-८० वर जाते आणि काही दिवसांत पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग, नाकाशी बुडबुडे. एसी २७ वर ठेवणं सगळ्यात सोपं. वीज गेली तर एक लिटरच्या गोठवलेल्या दोन बाटल्या सुती फडक्यात गुंडाळून थंड टोकाच्या जाळीवर, बाहेरून ठेवा. साप ३५ अंशांवर फार वेळ राहिला तर जीव धोक्यात. तो काचेवर डोकं आपटत, तोंड उघडून धावत असेल तर आधी खोलीबाहेर काढा आणि २५ अंशांच्या उथळ पाण्यात ठेवा. बर्फ थेट नाही.

जूनच्या मध्यात पाऊस आला की कूलर बंद आणि एसी ड्राय मोडवर. पाण्याची वाटी लहान करा, भुसा दर आठवड्याला चाचपा, हाताला ओलसर लागला तर पूर्ण बदला. अल्बिनोला उजेड टोचतो, त्याची पेटी खिडकीसमोर नको आणि एक लपायची जागा जास्त द्या.

हिवाळ्यात, विशेषतः नर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी खाणं सोडतात. वजन टिकलं तर चालू द्या. रानातल्या सापाला पहिल्या हिवाळ्यात शीतनिद्रा देऊ नका. रात्री १२ अंश आणि दुपारी २८ असं नागपूरचं डिसेंबरचं खाली-वर त्याला धड झोपू देत नाही, फक्त झिजवतं.

चावला तर

मागचे दात, सौम्य विष. हात उंदराच्या वासाचा असला की चावून धरतो आणि चघळतो, तेव्हाच विष उतरतं. ओढू नका. तोंडाच्या कडेला सॅनिटायझरचा थेंब लावा, सोडतो. सूज काही दिवस राहते. दवाखान्यात गेलात तर दारातच सांगा, हा नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं नाही. आपली प्रतिविष लस या चारांसाठी आहे, हॉगनोजवर तिचा उपयोग नाही. पेटीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहून लावा, कारण हा साप घोणशीसारखा ठिपकेवाला दिसतो आणि शेजारी काठी घेऊन येतात. पेटीला कुलूप हवंच. कंटाळा आला म्हणून गोरेवाडा किंवा अंबाझरीला सोडणं तर अजिबात नाही.

पिल्लांचा विचार

रानातल्या सापाचा रंग अनुवंशिक आहे की नाही, हे वीण झाल्याशिवाय कळत नाही. सुप्त गुण असेल तर साध्या जोडीदाराबरोबरची पहिली सगळी पिल्लं साधीच दिसतात, पण गुण पोटात बाळगतात. ती एकमेकांशी जोडली तर चारात एक. १२ पिल्लांत एकही रंगीत न निघण्याची शक्यताही ३ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणून एका घोळक्यावर निकाल देऊ नका. रानातून आलेली मादी आधीच्या नराचं बीज साठवून ठेवू शकते, त्यामुळे तिची पहिली अंडी तुमच्या नराच्या नावावर लिहायची नाहीत.

अंडी ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं खनिज, वजनानं समान पाणी) २७-२८ अंशांवर ५० ते ६० दिवस. ती नेमकी मे-जूनमध्ये येतात आणि बाजारातला इनक्यूबेटर फक्त तापवतो. खोली ३८ वर असेल तर आतली अंडीही ३८ वर. म्हणून झाकणाला दोन भोकं पाडलेला थर्माकोलचा डबा, त्यात प्रोब, आणि तो डबा एसीच्या खोलीत जमिनीवर. अंडं जसं पडलं असेल तसंच ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा आणि हलवताना फिरवू नका.