नवतप्यातच थांबवा छोट्या ट्रॅक्टरची ऑईलगळती

25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला की नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या मृग बहाराच्या संत्राबागा ताणावर असतात. बागेचं पाणी तोडलेलं, फवारणी नाही, आणि बागेत फिरणारा छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा. जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स पाहायचा तर हेच दिवस. मृगाचा पाऊस पडला की रोटाव्हेटर, पऱ्हाटीची पेरणी, डवरणी एकदमच अंगावर येतात, आणि मग मिस्त्री फोनही उचलत नाही.

"दोन-चार थेंबच तर पडतात, वरून ऑईल टाकत राहू," असं आपण म्हणतो. उन्हाळ्यात ते चालूनही जातं. पण जिथून ऑईल बाहेर येतं तिथूनच पावसाळ्यात पाणी आणि काळ्या मातीचा गाळ आत जातो. पाणी शिरलेलं ऑईल ताकासारखं पांढुरकं होतं आणि त्या ऑईलवर बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

आधी गळती कुठली ते शोधा. घाण चिकटलेल्या हौसिंगकडे, म्हणजे गिअरबॉक्सच्या लोखंडी कवचाकडे, नुसतं पाहून काही कळत नाही, कारण ऑईल वरून ओघळत येतं आणि थेंब दुसरीकडेच पडतो. डिझेल आणि ब्रशने सगळं धुवा, कोरडं करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा. अर्धा तास ट्रॅक्टर चालवा आणि रात्री खाली कोरा पुठ्ठा टाका. पावडरवरची ओली रेघ वर जिथे सुरू होते, तिथे दोष.

लगेच नवं ऑईल सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑईल अडवणारं रबरी कडं, आणायला पळू नका. मी स्वतः एकदा पीटीओचं, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टचं, सील महिनाभरात दोनदा बदललं. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने हौसिंगच्या वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी, काढून हातावर ठेवला. मातीने पुरता लिंपलेला होता. काम करताना गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते. तिला वर वाट मिळाली नाही की ती ऑईल ढकलते, आणि सगळ्यात कच्ची जागा म्हणजे सीलची ओठी, शाफ्टला टेकणारी त्याची पातळ कड. ट्रॅक्टर कामावरून आल्यावर ऑईल भरायचं झाकण सैल करताना फुस्स आवाज आला, तर ब्रीदरच धरा. डिझेलमध्ये धुऊन फुंकर मारली की काम झालं, खर्च शून्य.

दुसरं कारण म्हणजे जास्त भरलेलं ऑईल. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लिफ्ट आणि गिअरबॉक्सचं ऑईल एकच असतं. ट्रॉली उचललेली असताना बरंच ऑईल तिच्या जॅकमध्ये गेलेलं असतं. तेव्हा ऑईल मोजायची पट्टी पाहून कोणी वरून भरलं, तर ट्रॉली खाली येताच ते सगळं परत हौसिंगमध्ये येतं. म्हणून लेव्हल पाहायची ती सपाट जागेवर, ट्रॅक्टर थंड असताना, लिफ्ट आणि ट्रॉली दोन्ही खाली ठेवून.

क्लच हौसिंगच्या तळाशी कॉटर पिनचं छोटं भोक असतं. तिथून काळं ऑईल आलं तर इंजिनचं मागचं सील गेलं. पिवळसर, उग्र वासाचं आलं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. दोन्हीसाठी ट्रॅक्टर मधोमध खोलावाच लागतो. एकदा खोललाच तर क्लच प्लेटही पाहून घ्या. हे काम घरी नको. जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली तर कोणीच शिरू नये, खाली लाकडी ठोकळे आणि चाक सरकू नये म्हणून उटी हव्याच.

मागच्या एक्सलचं सील गेलं आणि तुमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे (ऑईलमध्ये न बुडालेले) असतील, तर ऑईल थेट लायनरवर जातं. ब्रेक दाबला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. ही गळती दिसली त्याच दिवशी ट्रॅक्टर रस्त्यावर काढणं बंद करा.

सील बदलण्याआधी शाफ्ट हलवून पाहा. वर-खाली खेळत असेल तर बेअरिंग झिजलंय, आणि त्यावर नवं सील म्हणजे पैसे पाण्यात. आपल्या बागेत आणखी एक खोडी आहे: ठिबकच्या नळीचे तुकडे, सुतळी, गवत शाफ्टला गुंडाळतं आणि ओठी कापतं. ते सगळं ब्लेडने कापून काढा. जुन्या सीलवर 35×52×7 असे आकडे असतात: शाफ्टची जाडी, बाहेरचा व्यास, रुंदी, सगळं मिलिमीटरमध्ये. ते पुसले असतील तर व्हर्नियरने मोजून घ्या, नाहीतर जुनं सील सोबत घेऊन नागपूरला जा, अंदाजाने आणू नका. बसवताना स्प्रिंगची बाजू ऑईलकडे, ओठीला ऑईल लावलेलं, आणि सपाट लाकूड किंवा पाईपचा तुकडा ठेवून चहूकडून सारखं ठोकायचं. शाफ्टवर जुन्या ओठीची खाच पडली असेल तर जागा असल्यास सील दोनेक मिलिमीटर मागे-पुढे बसवा. नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते.

कव्हरच्या पॅकिंगला सिलिकॉन लावायचंच तर अगदी पातळ. आत पिळून गेलेले त्याचे तुकडे लिफ्टच्या जाळीत अडकतात. गळती कमी व्हावी म्हणून 90 च्या जागी 140 नंबरचं जाड ऑईल ओतण्याची युक्तीही गावोगाव ऐकू येते. लिफ्टचा पंप त्याच ऑईलवर चालत असेल तर ती महागात पडते. पुस्तिकेत लिहिलंय तेच ऑईल भरा.

काढलेलं जळकं ऑईल धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतू नका, डबा भरून जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या.

रामटेक, मौद्याकडे ज्यांना धानाची चिखलणी करायची आहे त्यांनी एवढं अजून करावं. चिखलातून ट्रॅक्टर बाहेर आला की रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी चालू करण्याआधी गिअरबॉक्सच्या तळाचा ऑईल काढायचा बोल्ट दोन आटे सैल करा. पाणी शिरलं असेल तर ते खाली बसलेलं असतं आणि ऑईलच्या आधी तेच गळतं. नुसतं ऑईल आलं की बोल्ट घट्ट करा आणि वावरात जा.