ओबीच्या ढिगाऱ्यावर तणाआधी गवत उगवू द्या : बंद कोळसा खाणींसाठी पावसाळी सल्ला

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात कोळसा काढणे थांबलेल्या खाणींजवळ ओबीचे, म्हणजे कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरून काढून टाकलेल्या दगड-मातीचे (ओव्हरबर्डन), डोंगर उभे आहेत. त्यांवर गवत पेरण्याची आणि झाडे लावण्याची वेळ मृगाच्या दमदार पावसापासून पुष्य नक्षत्रापर्यंतच असते. त्यानंतर लावलेले रोप मुळे खोल जायच्या आत उन्हाळ्यात सापडते. खाण बंद असली तरी आत जाण्याआधी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या आणि भेगा पडलेल्या कडेवर कुणाला चढू देऊ नका.

ओबीला माती समजू नका. वालुकाश्म, शेल, चिकणमाती आणि कोळशाचे तुकडे यांची ती भेसळ आहे. तिच्यात सेंद्रिय कर्ब, नत्र आणि उपयोगी जिवाणू जवळपास नसतात. दर हेक्टरी ८-१० ठिकाणचा १५ सेंमी खोलीपर्यंतचा नमुना एकत्र करून तपासून घ्या. सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे आम्ल तयार होत असण्याची शक्यता असते. चुना किती टाकायचा ते प्रयोगशाळेला विचारा, अंदाजाने टाकू नका.

मोकळी ओतलेली ओबी साधारण ३७ अंशांच्या उतारावर थांबते आणि पहिल्याच झडीत घळी पाडते. उतार २८ अंशांपर्यंत आणून पायऱ्या करा. पायऱ्यांचा ढाळ आतल्या बाजूला हवा, म्हणजे पाणी कडेवरून न पडता चरात उतरते. पायथ्याशी दगडी भिंत आणि तिच्याबाहेर चर असावा. खाली ज्यांचे शेत आहे त्यांनी हा चर आणि गाळाचा खड्डा पावसाआधी उपसलेला आहे का, हे स्वतः पाहावे. एकदा ओबीचा गाळ धुऱ्यावरून कपाशीत आला की तो थर काढणे फार कठीण जाते.

खाण खोदताना बाजूला ठेवलेली वरची काळी माती मिळाली तर ३० सेंमीचा थर द्या. मात्र वर्षानुवर्षे उंच ढिगात पडून राहिलेल्या मातीतले बरेचसे जिवाणू मेलेले असतात आणि तिच्यात तणाचे बी भरपूर असते. अशा मातीला पहिल्या पावसाने तण उगवू द्या, वखराची पाळी द्या आणि मगच पेरा.

तणाचा खरा बंदोबस्त जमीन लवकर झाकण्यात आहे. उघडी ओबी दिसली की गाजरगवत, घाणेरी आणि रानतुळस तिथे आधी पोचतात. हेक्टरी स्टायलो (शेंगवर्गीय चारा) ५-६ किलो, अंजन किंवा मारवेल गवत ५ किलो आणि ताग २० किलो पेरा. स्टायलोचे बी टणक असते. ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते ३-४ मिनिटे बुडवा, थंड करा, मग रायझोबियम (नत्र पुरवणारे जिवाणू खत) लावून सावलीत सुकवा. गवताचे हलके बी ओल्या वाळूत मिसळून फेका, नाहीतर वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होते.

झाडांसाठी ६० सेंमी लांब, रुंद, खोल खड्डे २ × २ मीटरवर मे महिन्यातच खोदून ठेवा. काळी माती, ५ किलो कुजलेले शेणखत आणि मुळांवर वाढणारी मायकोरायझा बुरशी घाला. साखर कारखान्याची कुजलेली मळी (प्रेसमड) मिळाली तर फारच चांगले; नागपूरच्या नीरी संस्थेने मळी आणि जिवाणू खते वापरून खाणढिगाऱ्यांवर झाडे उभी केली आहेत. करंज, शिसव, कडूनिंब, खैर, सीताफळ, आवळा, बांबू लावा. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ लवकर हिरवी दिसतात, पण पुढे तीच तण होऊन बसतात. ती लावू नका.

गाजरगवत फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुले आलेले गाजरगवत नाडेपच्या (कंपोस्ट खताच्या) टाक्यात टाकू नका. तिथे बी मरण्याइतकी उष्णता तयार होत नाही आणि त्या खताबरोबर तेच बी शेतात येते. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे दिसले तर तिथे फवारणी टाळा. पडीक जागेसाठी सांगितले जाणारे मिठाचे द्रावण इथे मुळीच वापरू नका, आधीच दुबळी असलेली जमीन खारवते.

घाणेरी वरून कापली तर आणखी दाट फुटते. कुदळीने बुंध्याखालचे मुख्य मूळ ३ ते ५ सेंमी खोलीवर तोडा, झुडूप उलटे करून ठेवा. फळे पिकण्याआधीच हे काम करा, कारण पक्षी बी दूरवर नेतात.

२,४-डी हे तणनाशक ढिगाऱ्यावर फवारले तरी वाऱ्याने उडून शेजारच्या कपाशीची पाने वेडीवाकडी करते. कपाशी उभी असताना ते वापरूच नका. खाणीत साठलेल्या पाण्याजवळ कोणतेही तणनाशक नको.

पहिली दोन वर्षे गुरे सोडू नका, गवत कापून न्या. दसऱ्यानंतर, वणवा आत येऊ नये म्हणून, लागवडीभोवती ३ मीटरचा पट्टा साफ ठेवा. उपटलेले तण ढिगाऱ्यावर कधीही जाळू नका : ओबीतला कोळसा आतून धुमसू लागतो आणि ती आग पावसानेही विझत नाही.