राइट कॅशिंगची दुसरी टिक लावण्याआधी

बार्शीत मी बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. "डिस्क फार हळू चालतेय" म्हणून मशीन येतं तेव्हा पुष्कळदा कुणीतरी व्हिडिओ बघून राइट कॅशिंगचं, म्हणजे डेटा डिस्कवर लिहिण्याआधी मेमरीत ठेवण्याचं, सेटिंग आधीच बदललेलं असतं. म्हणून हे सविस्तर सांगते.

विंडोजची कळ धरून एक्स दाबा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्क ड्राइव्जमध्ये आपल्या डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉलिसीज. आतल्या डिस्कला तिथे साधारणपणे दोन चौकटी दिसतात.

पहिली, 'एनेबल राइट कॅशिंग', बहुतेक ठिकाणी लावलेलीच असते. डिस्क आलेला डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेते, 'झालं' म्हणून कळवते आणि खरं लिखाण मागाहून करते. ही टिक राहू द्या. काढली तर बारीकसारीक फायली लिहिताना मशीन रखडतं.

दुसरी चौकट म्हणजे 'टर्न ऑफ विंडोज राइट-कॅशे बफर फ्लशिंग'. नाव नीट वाचा. टिक लावली की इथे संरक्षण बंद होतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर एन्ट्री झाल्यावर सांगतं, हे आता मेमरीत ठेवू नका, डिस्कवर उतरवा. त्या निरोपाला फ्लश म्हणतात. टिक लावली की विंडोज तो निरोप डिस्कपर्यंत पोहोचवतच नाही. वेग वाढतो, पण त्या क्षणी लाइट गेली तर जी एन्ट्री झाली असं सॉफ्टवेअर धरून चालतं, ती डिस्कवर नसते.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि ही दुसरी टिक लावलेल्या एका अडत दुकानातली लाइट गेली. यूपीएस होता, पण बॅटरी तीन वर्षांची, त्यामुळे तोही लगेच बसला. डेटा फाइल उघडेना. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. दिवसभराच्या पट्ट्या (शेतमालाच्या विक्रीचे हिशेब) आम्ही कागदांवरून पुन्हा भरल्या, रात्रीचे 11 वाजले.

म्हणून दुसरी टिक लावायचीच असेल तर आधी सगळं काम सेव्ह करून प्रोग्राम बंद करा आणि मशीन चालू असतानाच यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. 10 मिनिटं मशीन चाललं नाही, तर टिक लावू नका. चाललं तरी रोजचा बॅकअप हवाच, कारण मशीनचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) जळाला तर यूपीएस काय करणार? व्हिडिओ एडिटिंगच्या तात्पुरत्या फायलींसाठी वेगळी डिस्क असेल, तर तिथे मी स्वतः ती लावून देते. हिशेबाच्या डिस्कवर कधीच नाही.

यूएसबी डिस्कला इथे 'क्विक रिमूव्हल' आणि 'बेटर परफॉर्मन्स' असे पर्याय असतात. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून पहिला आपोआप निवडलेला असतो. दुसरा घेतलात तर प्रत्येक वेळी 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय वायर ओढू नका.

टिक बदलताना विंडोजने 'सेटिंग बदलता आलं नाही' असं दाखवलं, तर ती डिस्क किंवा तिचा ड्रायव्हर (डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर) ही सोय देत नसेल. इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ड्रायव्हरवर रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) लावलेलं असेल तर त्याच्या स्वतःच्या अॅपमध्येही कॅशेची सेटिंग्ज असतात, तीही तपासा.

बदल केला की कोणती टिक, कोणत्या तारखेला, हे मी चिकटपट्टीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लावते.