आधी एक अध्याय मागे जा

बायबलमधल्या यिर्मया २९:११ या वचनाची पाटी माझ्या टेबलावर कित्येक वर्षं होती. देवाचे हिताचे संकल्प, आशा वगैरे. अख्खा अध्याय मात्र मी कधी वाचला नव्हता. एका पाहुण्या उपदेशकाने त्याच वचनावरून ‘वर्षाच्या आत तुमचं कर्ज फिटेल’ असं सांगितलं. मी मोठ्याने आमेन म्हटलं, दानाचं पाकीटही जाड केलं. कर्ज होतं तिथेच राहिलं. मग एका रात्री चिडून अध्याय २८ पासून वाचायला बसले.

अध्याय २९ म्हणजे बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं पत्र. परत यायला किती वर्षं? २९:१० मध्ये सत्तर वर्षं आहेत! म्हणजे बाबेलात ते पत्र ऐकणारी बहुतेक मोठी माणसं तिथेच मरणार होती. म्हणून तर पाचव्या वचनात घरं बांधा, बागा लावा असं सांगितलंय. आठव्यात तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका, असा इशारा. आणि एक अध्याय मागे खोटा संदेष्टा हनन्या उभा आहे, दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणणारा. तोही मंदिरात, याजकांसमोर, परमेश्वराच्याच नावाने बोलत होता. आमच्या पाहुण्यांनी वचन यिर्मयाचं घेतलं, संदेश हनन्याचा दिला.

तेव्हापासून मी संदेश ऐकताना वहीत फक्त संदर्भ लिहिते, स्पष्टीकरण नाही. घरी एक अध्याय मागून, एक पुढून वाचते. हे कोण कोणाला सांगतंय? शेजारचं कोणतं वाक्य गाळलं? मत्तय ४ मध्ये सैतानानेही स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं होतं; येशूने त्याला अनुवाद या पुस्तकातल्या ६:१६ ने उत्तर दिलं, देवाची परीक्षा पाहू नको.

शिकवण नवी वाटली तर ती येशूला कोण म्हणते ते आधी पाहा. पुत्र हा निर्माण केलेला, असं चौथ्या शतकातला अरियस नावाचा याजक शिकवायचा. त्यावर ३२५ साली नायसियाची परिषद भरली. उपासनेत म्हणतो त्या विश्वासांगीकारातले ‘निर्मिलेला नव्हे’ हे शब्द त्याच वादातले. आपण ते भराभर म्हणून मोकळे होतो.

जगाच्या शेवटाची तारीख सांगणाऱ्यांना मत्तय २४:३६ पुरे: तो दिवस कोणालाच ठाऊक नाही.

शंका आलीच तर पाळकांना एकटं गाठा, वही घेऊन जा. बिरुया शहरातल्या लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं शास्त्रात रोज तपासलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुकच आहे. पाळक चिडले म्हणून ते खोटे ठरत नाहीत, दमलेला माणूसही चिडतो. आणि बाप्तिस्मा बुडवून की शिंपडून, एवढ्यावरून कोणाला पाखंडी ठरवू नका. मी एका मैत्रिणीला ठरवलं होतं. माफी मागायला दोन वर्षं लागली.

गेल्या महिन्यात बायबल वर्गात मी फिलिप्पै ४:१३, म्हणजे ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्वकाही करू शकतो’, हे परीक्षेतल्या यशासाठी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने अकरावं, बारावं वचन वाचून दाखवलं: भुकेलं राहणं, गरजेत असणं, तरी तृप्त असणं. मी डस्टर उचललं.