लहान विमानातील हवाई कसरती : उंचीचा हिशेब उड्डाणापूर्वीच करावा

२३ जून १९८० रोजी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळाजवळ कमी उंचीवर कसरती करताना विमान कोसळून संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना यांचा मृत्यू झाला. त्यांचे पिट्स एस-२ए हे विमान खास कसरतींसाठीच बनवलेले होते. परंतु सावरण्यासाठी लागणारी उंची हाताशी नसेल, तर उत्तम विमानाचाही उपयोग होत नाही.

त्यामुळे प्रत्येक कसरत कोणत्या उंचीच्या खाली सुरू करायची नाही, हे जमिनीवर असतानाच लिहून काढावे. लूपसाठी, म्हणजे हवेत उभे वर्तुळ काढण्यासाठी, माथ्यावरची किमान उंची आणि वेगही ठरवून ठेवावा. माथ्यावर यांपैकी काहीही कमी भरले, तर उरलेला अर्धा लूप पूर्ण न करता अर्धा रोल (लांबीच्या अक्षाभोवती गिरकी) घेऊन विमान सुलटे करावे आणि कसरत तिथेच सोडावी. ही सुटका प्रशिक्षकासोबत भरपूर उंचीवर इतकी घोटलेली असावी की ऐन वेळी विचार करावा लागू नये. २०१५ मध्ये इंग्लंडमधील शोरहॅम येथे हॉकर हंटरच्या वैमानिकाने अपुऱ्या उंचीवरूनही लूप पुढे चालू ठेवला आणि रस्त्यावरील ११ जण मृत्युमुखी पडले. ते जेट होते, पण लहान विमानातही हीच चूक जीव घेते.

जमीन जवळ दिसू लागली की हात आपोआप विमानाचे नाक वर उचलणारा नियंत्रणाचा दांडा मागे ओढतो, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. उंची राखून ६० अंश कललेल्या वळणात पंखांवरील भार दुप्पट होतो व स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांना पुरेशी उचल मिळत नाही) सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. त्याहून जोरात ओढल्यास पुरेसा वाटणारा वेग असतानाही विमान स्टॉल होते. त्यातून स्पिन (गरगर फिरत खाली कोसळणे) झाल्यास सेसना १५२ सारखे प्रशिक्षण विमान एका फेऱ्यात आणि सावरण्यात मिळून सुमारे १,००० फूट गमावू शकते.

अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत असेल, तर त्या ठिकाणच्या जमिनीची उंची ठरवलेल्या आकड्यात मिळवावी. विदर्भातील मे महिन्यासारख्या उष्ण, विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते आणि लूप मोठा होतो, म्हणून त्या दिवशी मर्यादा आणखी वर न्यावी.

अमेरिकेत जमिनीपासून १,५०० फुटांखाली कसरतींना सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकाऊ वैमानिकाने स्वतःची मर्यादा याहून बरीच वर ठेवावी आणि खाली कोणीही पाहत असले, तरी उड्डाणापूर्वी न ठरवलेली कसरत करू नये.