सौराष्ट्राच्या किनाऱ्याने गाडी घेऊन निघताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की मला ठरलेले फोन येऊ लागतात. "द्वारका-सोमनाथ-दीव करायचंय, गाडीनेच. चार दिवस पुरतील ना?" पुरतील की. चार दिवसांत दर्शनं होतात, फोटो निघतात आणि पाठीचा कणा ढिला होतो. फक्त समुद्र बघायचा राहून जातो. मग हीच माणसं घरी येऊन सांगतात, "कोकणाची मजा नाही हो तिकडे."

सौराष्ट्राला तीन बाजूंनी पाणी आहे. पूर्वेला खंभातचं आखात, खाली अरबी समुद्र, वर कच्छचं आखात. भावनगरहून निघून महुवा, दीव, सोमनाथ, पोरबंदर करत द्वारका-ओख्यापर्यंत गेलं की या द्वीपकल्पाला जवळजवळ वळसा होतो. रस्ता चांगला आहे, आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. रस्ता चांगला म्हणून लोक किलोमीटर मोजून बेत आखतात. या वाटेवर दिवस ठरतो तो भरती-ओहोटीवर आणि देवळांच्या दारांवर.

कोकणातली ओहोटी भावनगरला नेणे

भावनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर कोळियाक आहे. तिथे किनाऱ्यापासून चांगलं किलोमीटरभर आत, समुद्रातच, निष्कलंक महादेवाचा चौथरा आहे आणि त्यावर पाच शिवलिंगं. पांडवांनी स्थापली अशी कथा आहे. भरतीला सगळं पाण्याखाली जातं, वर नुसता ध्वजाचा खांब दिसतो. ओहोटी लागली की माणसं पाण्याच्या मागोमाग चालत जातात. श्रावणी अमावास्येला, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पोळा असतो त्या दिवशी, इथे मोठी जत्रा भरते.

आमच्याबरोबर एकदा बहिणीचं कुटुंब होतं. दाजी अलिबागचे, जन्म खाडीकाठी गेलेला. मी आदल्या रात्री भावनगरला मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवलं होतं की दुपारी एकच्या आधी जाण्यात अर्थ नाही. दाजींनी ते उडवून लावलं. "आज षष्ठी. तिथीची पाऊणपट करायची. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी. समुद्र मला शिकवू नका." त्यांच्या तोंडाला कोण लागणार? साडेदहाला आम्ही किनाऱ्यावर हजर. समोर गढूळ पाणी, लांबवर एक झेंडा, बाकी काही नाही. नारळवाल्याने आमच्याकडे पाहिलं, दाजींच्या हातातल्या पूजेच्या पिशवीकडे पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, पानी उतरने दो, एक-डेढ बजे आना."

थांबलो असतो तर काही बिघडलं नव्हतं. पण पाऊण तासात मुलं कुरकुरायला लागली, दाजींना दीव गाठायची घाई झाली आणि "इथूनच नमस्कार करू, देव सगळीकडे आहे" असा निकाल लागला. दुपारी महुव्याच्या अलीकडे जेवत असताना बहिणीच्या फोनवर तिच्या सोसायटीतल्या कुटुंबाचा व्हिडिओ आला. तेही त्याच दिवशी कोळियाकला होते, दोनला. कोरड्या चौथऱ्यावर अभिषेक चाललेला. त्यानंतर दीव येईपर्यंत गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

दाजींचा हिशेब चुकीचा नव्हता, जागा चुकीची होती. पाऊणपटीचा आडाखा मुंबई-अलिबागच्या बाजूला चालतो. खंभातच्या आखातात आतवर पाणी पोचायला त्यानंतर काही तास जातात. शिवाय हे आखात आत निमुळतं होत गेलंय, त्यामुळे पाणी कोंडून चढतं. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, मुंबईला चार-पाच मीटर. ओहोटीतही जहाजं तरंगती राहावीत म्हणून भावनगर बंदराला लॉकगेट बांधावं लागलं, यावरून अंदाज करा. पुढे अलंगला मोडीत काढायची अजस्र जहाजं याच उधाणाच्या भरतीवर स्वार करून किनाऱ्यावर चढवतात.

माझी पद्धत साधी आहे. वेळापत्रक बघायचं ते भावनगरचंच, वेरावळचं किंवा मुंबईचं नाही. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून कोणाच्या मागच्या आठवड्यातल्या अनुभवावर जायचं नाही. भावनगरला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवसाचा सगळा बेत त्या ओहोटीभोवती बांधायचा. ओहोटी भल्या पहाटे किंवा रात्री येत असेल तर सरळ सोडून द्यायचं. चपला गाडीतच ठेवा, वाट चिखलाची आणि निसरडी असते. गावकरी परतायला लागले की आपणही परतायचं, "एकच फोटो" म्हणत मागे रेंगाळायचं नाही. तळ सपाट आहे, पाणी जसं लांब जातं तसंच भराभर येतं.

जामनगरजवळच्या नराराला हाच नियम, एक बदल करून. १९८२ साली इथे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. ओहोटीला खडकांतून चालत प्रवाळ, खेकडे, समुद्रफुलं आणि नशीब असेल तर ऑक्टोपस पाहता येतो. वनखात्याची परवानगी लागते, वाटाड्या घ्यावा. इथे मात्र अनवाणी जाऊ नका, तळवे फाटतील. जाड तळाचे जुने बूट न्या.

महामार्गावरून समुद्र दिसेल अशी आशा धरणे

भावनगर ते द्वारका हा राष्ट्रीय महामार्ग ५१. नकाशावर तो पाण्याला चिकटून जाताना दिसतो. प्रत्यक्षात काचेतून दिसतं ते भुईमूग, कपाशी, नारळाच्या बागा, सिमेंटचे ट्रक आणि पुन्हा भुईमूग. समुद्र बराच वेळ दोन-पाच किलोमीटरवर लपलेला असतो. गाव टाळून जाणारे नवे बायपास झाल्यापासून तर बंदरगावंही दिसत नाहीत. सरळ शंभरच्या वेगाने गेलात तर सोमनाथला देवळामागेच पहिल्यांदा समुद्र दिसेल.

म्हणून आत वळायचं. तळाजाहून गोपनाथला वळा: कड्यावर देऊळ, खाली लाटा, गर्दी बेताची. राजुल्याकडून जाफराबादला वळा. हे गाव पाहताना मराठी माणसाला जरा गंमत वाटते, कारण संस्थानं विलीन होईपर्यंत इथे जंजिऱ्याच्या सिद्दीची सत्ता होती, आपल्या मुरूडच्याच. सोमनाथच्या पुढे चोरवाड आहे, जुनागढच्या नवाबाचा उन्हाळी महाल आता पडका झालाय, पण जागा सुरेख. आणि माधवपूर. या पूर्ण वाटेवर महामार्ग खरोखर पाण्याच्या कडेने जातो तो इथे. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे लागलं अशी श्रद्धा आहे आणि रामनवमीपासून त्या लग्नाची जत्रा भरते. म्हणजे आमच्या कौंडिण्यपूरची, विदर्भाची लेक इथे सासरी आली. इतकं जवळचं नातं असून आपल्या गाड्या माधवपूरला पाच मिनिटं थांबतात, तीही चहासाठी.

दिशेचंही तसंच. बहुतेक लोक अहमदाबाद-राजकोटवरून आधी द्वारका गाठतात आणि मग खाली सोमनाथ-दीवला येतात. त्यामुळे समुद्र कायम उजव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. थांबायचं तर समोरून येणारे ट्रक ओलांडा. मी भावनगरहून सुरुवात करतो. समुद्र डावीकडे राहतो आणि वाटेल तिथे गाडी कडेला घेता येते. तोटा एक आहे: पश्चिमेला जात असल्याने दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांत येतो. तेव्हा चारपर्यंत मुक्काम गाठा, त्या दिवसाचा समुद्र संध्याकाळी पायी बघा.

भावनगरपर्यंत लांबचा वळसा नको असेल तर सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला गाडीसकट बोटीने जाता येतं. २०२० साली ही सेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडतात, समुद्रातून ९०. सुटायच्या वेळा आदल्या दिवशी पुन्हा तपासा आणि तासभर आधी पोचा. "बघू पोचल्यावर" म्हणणाऱ्यांच्या गाड्या धक्क्यावर उन्हात तापत उभ्या असतात.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दुपारी एक वाजता द्वारकेत पोचणे. देऊळ दुपारी बंद असतं ते पाचच्या सुमारास उघडतं, बेट द्वारकेचंही तसंच. सकाळी लवकर उठा किंवा संध्याकाळ धरा. दुपार शिवराजपूरच्या किनाऱ्याला द्या, तो द्वारकेपासून जवळच आहे.

बेट द्वारकेसाठी ओख्याच्या बोटीच्या वेळा शोधत बसणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला झाला, दोन किलोमीटरहून लांब आहे, गाडी थेट बेटावर जाते. जुने प्रवासलेख वाचून निघालेले लोक अजूनही धक्क्याचा पत्ता विचारताना भेटतात.

दिसेल तिथे पाण्यात उतरणे. सोमनाथ, वेरावळ, पोरबंदर, द्वारका इथला समुद्र पोहायचा नाही. ओढ जबर आहे आणि तळ अचानक खोल जातो. भिजायचंच असेल तर दीवचं घोघला किंवा नागवा, नाहीतर शिवराजपूर.

सोमनाथला खिशात फोन घेऊन रांगेत उभं राहणे. आत फोन, कॅमेरा, पिशवी काही चालत नाही. तो गाडीतच ठेवा, नाहीतर लॉकरची वेगळी रांग आहे. आणि मोठं देऊळ पाहून लगेच पार्किंगकडे पळू नका. शेजारी अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली बांधलेलं सोमनाथाचं देऊळ आहे. साधं आणि शांत. मराठी गट त्याच्या दारावरून बोलत बोलत पुढे जातात, हे बघून मला दर वेळी राग येतो.

दीवहून बाटली घेऊन गुजरातेत शिरणे. नाक्यावर गाडी तपासतात. दीवमध्येच संपवा किंवा दीवमध्येच ठेवा, "कोण बघतंय" हा युक्तिवाद हवालदारासमोर टिकत नाही.

किनाऱ्यावर आलो म्हणून रोज मासळी मिळेल असं समजणे. वेरावळ देशातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी आहे, पण द्वारका-सोमनाथच्या खानावळीत तुम्हाला मिळेल रोटलो, वांग्याचा ओळो, शेव-टमाटर आणि ताक. ते मनापासून खा, सकाळी गरम गाठिये आणि पपईचा संभारो खा. पापलेट दीवमध्ये.

गीरची सफारी ऐनवेळी मिळेल असं धरून चालणे. परवाना आधी काढावा लागतो, आणि १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं.

रात्रीचा शॉर्टकट

याबद्दल मी जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात. दीवमध्ये सूर्यास्त बघून, जेवून, रात्री निघून सकाळी राजकोट गाठायचा बेत तरुण मंडळी फार आवडीने करतात. फोनवरचा नकाशा त्यांना उनाहून तुळशीश्याममार्गे धारीकडे जाणारी जवळची वाट दाखवतो. ती वाट गीरच्या जंगलातून जाते आणि अंधार पडल्यावर वनखात्याचा नाका कोणालाही सोडत नाही. पुण्याची अशीच एक चौकडी मला दुसऱ्या दिवशी उन्यात चहाच्या टपरीवर भेटली होती. नाक्यावर तासभर हुज्जत घातली, मग परत फिरले आणि रात्र पेट्रोलपंपावर गाडीतच काढली. त्यांची तक्रार नकाशाबद्दल होती. नकाशाला सिंह माहीत नसतात, हे त्यांना कोणी सांगायचं?

जंगल सोडून महामार्गाने गेलात तरी रात्री निर्धास्त राहू नका. राजुला-जाफराबाद पट्ट्यात सिंह किनाऱ्यापर्यंत वावरतात आणि रस्ता ओलांडतात. त्याहून जास्त धोका म्हशींच्या कळपांचा आणि नीलगाईंचा. अंधारात काळी म्हैस बंपरसमोर येईपर्यंत दिसत नाही. दिवस मावळला की मी चावी खिशात टाकतो, मग मुक्कामाला वीसच किलोमीटर का राहिले असेनात. मध्येच बऱ्यापैकी लॉज दिसला तर तिथेच थांबतो.

आणि तारखा. दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) सगळा गुजरात सुट्टीवर बाहेर पडलेला असतो. दीव, गीरचं सासण, सोमनाथ इथे त्या दिवसांत खोली मिळाली तरी दाम दुप्पट. आपल्या मुलांच्या शाळा नेमक्या तेव्हाच बंद असतात हे मला कळतं, तरी जमलं तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा शेवट धरा. सात दिवस ठेवा, भावनगर आणि दीवला प्रत्येकी दोन रात्री. शेवटचा दिवस द्वारकेहून थेट मुंबई असा लावू नका. ते साडेनऊशेच्या आसपास किलोमीटर होतात, मध्ये वडोदऱ्याला एक रात्र काढा.